पंधरापैकी बारा

बसा जरा, घाई नसेल तर. एक गोष्ट सांगतो. मोठ्या माणसाची नाही, आधीच सांगून ठेवतो. ज्याच्या नावाची पाटी कुठल्या दारावर लागली नाही अशा माणसाची आहे. हसू येईल तिथे खुशाल हसा. फक्त मधेच उठू नका, कारण ही गोष्ट अर्धी ऐकली तर पोटात नुसता गोळाच राहतो.

तर मामा खुर्चीवर बसले होते. पाय जुळवलेले, हात मांडीवर, शर्टाला कडक इस्त्री. समोर टेबल आणि टेबलापलीकडे शेवटच्या वर्षाचं एक पोरगं. त्याला सगळे सुसाट म्हणायचे, कारण त्याचं जेवण, बोलणं, जिना उतरणं सगळं एकाच वेगात चालायचं.

"तयार, मामा?"

"मी सत्तावीस वर्षं तयारच आहे. तू हो."

सुसाटने कागद उचलला आणि यादी वाचली. चमचा, घोडा, खिडकी, नदी, टोपी, पूल, साबण, माकड, दोरी, पेटी, ढग, कुलूप, आजोबा, बटण, विहीर. गाडी सुटत असल्यासारखे पंधरा शब्द एका दमात फेकले आणि पेन टेकवून बसला.

"सांगा."

मामांनी कान खाजवला, छताकडे बघितलं. "घोडा... नदी... टोपी... थांब हं, जिभेवर आहे... साबण. विहीर."

पाच झाले. सहावा शब्द यायला हवा होता. मामांनी तो जिथे ठेवलेला असायचा तिथे हात घातला आणि हाताला काहीच लागलं नाही. अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली जमीनच नसावी, तसं झालं.

"कंदील," मामा म्हणाले.

कंदील त्या यादीत नव्हताच. सुसाटने मान वर केली नाही. त्याने कागदावर सहाचा आकडा लिहिला, वळणदार, आणि दुसऱ्यांदा यादी वाचायला लागला.

आता हे काय चाललंय ते सांगतो. त्या कॉलेजात माणसाच्या मनाचं शास्त्र शिकवायचे. तीन वर्षं पोरं पुस्तकं वाचायची आणि डिग्री हातात पडायच्या आधी एक शेवटची परीक्षा द्यायची. तिला सगळे 'दाराची परीक्षा' म्हणायचे. पास झालात तर दार उघडलं, नाहीतर अजून एक वर्ष आत. लिहायचं असं फारसं नव्हतं. एका खोलीत एक माणूस बसलेला असायचा. पोराने त्याला पंधरा शब्द वाचून दाखवायचे, त्याने आठवतील तेवढे परत म्हणायचे. तीच यादी, पाच वेळा. मग वीस मिनिटं ठोकळे लावा, चित्रं जुळवा असलं काहीबाही करायचं आणि अचानक विचारायचं, मघाचे शब्द सांगा. आकडे मांडायचे आणि खाली आपल्या भाषेत लिहायचं, की हा माणूस आपल्याला कसा दिसला. माणूस बघता येतो का नाही, याची परीक्षा.

मामा त्या लॅबचे शिपाई. पहिल्या वर्षी बाहेरचा एक माणूस ठरवला होता, तो आलाच नाही. तेव्हाच्या प्रमुख, थोरल्या मॅडम, म्हणाल्या, "मामा, बसा तुम्ही. काही दुखत नाही त्यात." मामा बसले ते बसलेच. याद्या होत्या चार. त्यांच्या प्रती काढायच्या मामांनीच, गठ्ठे बांधायचे मामांनीच, त्यामुळे दुसऱ्या वर्षी चारही याद्या तोंडपाठ. पोराने वाचायचा अवकाश, मामांनी पंधराच्या पंधरा धाडधाड म्हणून दाखवले. वर उलटेही म्हणू का, असं विचारलं. त्या पोराने घाबरून रिपोर्टात लिहिलं, 'सदर व्यक्ती असामान्य बुद्धीची असून शिपायाच्या पदावर वाया जात आहे.'

थोरल्या मॅडमनी बोलावून घेतलं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. "मामा, असं नका करू हो. माणसासारखं विसरा."

"कसं विसरायचं, मॅडम?"

मग त्यांनी शिकवलं. पहिल्यांदा सहा सांगायचे, मग आठ, दहा, अकरा, आणि पाचव्यांदा बारा. वीस मिनिटांनी अकरा. साधारण धडधाकट माणसाचं डोकं असंच चालतं म्हणे. हे आकडे एका पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहून मॅडमनी खणात ठेवले. पोराने नीट ऐकून मोजलं असेल तर त्याचे आकडे कार्डाशी जुळणार. मोजण्यात ढिसाळ असेल तर लगेच सापडणार.

मामा घरी बसून विसरायचा सराव करायचे. बायको म्हणायची, "लोक आठवायचा अभ्यास करतात, आमच्या घरी उलटी गंगा!" पण मामांना त्याचा अभिमान होता. कुठला शब्द कधी गाळायचा, कुठे कान खाजवायचा, कुठे 'जिभेवर आहे' म्हणायचं, सगळं बसवलेलं. एक वर्ष साबण विसरायचा, पुढच्या वर्षी माकड. मॅडम म्हणायच्या, "हे आमचं माप आहे. दुकानदाराकडे जसं एक वजन खरं असतं ना, तसे आमचे मामा."

मॅडम निवृत्त झाल्या, सर आले. सर वाईट नव्हते हं. कामाचे होते, वेळेचे होते. त्या खोलीच्या भिंतीला एक मोठा आरसा होता, आणि पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून तोच आरसा काच व्हायचा. परीक्षकाने तिथे बसून सगळं बघायचं, असा नियम. पलीकडे कोणी बसलं की आरशाच्या कोपऱ्यात शर्टाचा पांढरट डाग दिसायचा. मामांना तो ओळखू यायचा. सर आल्याला पंधरा वर्षं झाली, तो डाग काही दिसला नाही. बघायची गरजच काय? कार्ड होतं की. आणि कार्डावरचे आकडे तोवर पोरांनाही कळले होते. वरच्या वर्गातून खालच्या वर्गाला वारसाहक्काने मिळायचे. सहा, आठ, दहा, अकरा, बारा, आणि शेवटी अकरा.

आता तुम्हीच बघा, काय होऊन बसलं होतं. सांगणारा ठरलेलं सांगतोय, लिहिणारा ठरलेलं लिहितोय, तपासणारा ठरलेलं तपासतोय. या सगळ्याच्या मधे एक जिवंत माणूस बसलाय, आणि त्याच्याकडे कोणीच बघत नाही.

गेल्या सहा महिन्यांपासून मामांच्या डोक्यात काहीतरी कुरतडत होतं. दूध आणायला म्हणून गेले आणि दोन तासांनी रिकामी पिशवी घेऊन परत आले. बायकोने विचारलं, "एवढा वेळ?" म्हणाले, "रांग होती." ती हसली, म्हणाली, "आणि रांगेने दूधही पिऊन टाकलं वाटतं?" मग एकदम हसायची थांबली. एकदा लॅबच्या कपाटासमोर किल्ल्यांचा जुडगा हातात धरून उभे राहिले, पंधरा किल्ल्या, आणि पंधराही अनोळखी. एकदा स्वतःच्या मेव्हण्याला दारातच म्हणाले, "बोला, कोण पाहिजे?" मेव्हणा म्हणाला, "भाओजींची थट्टा करायची सवय जात नाही!" मामाही मोठ्याने हसले. घाम मात्र पाठीवरून खाली ओघळला.

त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. रोज रंग देणाऱ्याच्या नखांत रंग राहतोच. आपण सत्तावीस वर्षं विसरायचं काम करतोय, थोडं अंगाला लागणारच.

तर परत त्या खोलीत येऊ. दाराच्या परीक्षेचा तिसरा आणि शेवटचा दिवस. नऊ पोरं, रोज तीन. सुसाटचा नंबर आठवा. पाचव्या वेळी मामांना सहा शब्द आले, त्यातला एक कंदील. सुसाटने लिहिलं, बारा. वीस मिनिटांनी त्याने विचारलं आणि मामा काही बोलायच्या आतच अकरा लिहून टाकले.

"झालं मामा! सुटलो!"

"अरे, पण मी अजून..."

"तुमचं काय मामा, तुम्ही म्हणजे घड्याळ! पेढे आणतो उद्या!" आणि दार आपटून गेला.

मामा आरशाकडे बघत बसले. आत एक म्हातारा दिसत होता, इस्त्रीच्या शर्टातला. कोपऱ्यात डाग नव्हता. पोराने बारा लिहिले म्हणजे आपण बाराच सांगितले असणार, असं त्यांनी मनाशी म्हटलं. आणि खरं सांगतो, त्याच क्षणी त्यांना पहिल्यांदा खरी भीती वाटली. पाण्यात बुडणारा माणूस हात हलवतो आणि काठावरचे लोक त्याला हात हलवून टाटा करतात, तसली भीती.

नववी होती मुंगी. बारीक, गप्प, आणि कामाला चिकट. प्रॅक्टिकल संपलं की बाकीची पोरं उधळायची, ही एकटी मामांबरोबर ठोकळे मोजून डब्यात भरायची. परगावी एका शाळेत तिला नोकरी ठरली होती, ज्या मुलांना शिकायला वेळ लागतो त्यांच्या शाळेत. सोमवारी पास झाल्याचा कागद नेऊन दाखवायचा होता. हे तिने मामांना दहादा सांगितलं होतं, आणि मामांनी दहाही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा आनंद केला होता. तेव्हा तिला ते गोड वाटलं होतं.

ती बसली. यादी उचलली.

"चमचा," म्हणाली आणि श्वास घेतला. "घोडा." परत श्वास. सगळी यादी अशी, एकेक शब्द समोर ठेवत ठेवत. मग मामांच्या तोंडाकडे बघत बसली.

मामांनी पाच सांगितले. तिने पाच लिहिले.

मामांना उलटा आकडासुद्धा वाचता यायचा, इतकी वर्षं त्या टेबलावर काढली होती. ते जरा सावरून बसले. दुसऱ्यांदा पाच. तिसऱ्यांदा सहा. चौथ्यांदा परत पाच. मामांचं कान खाजवणं वाढलं, 'थांब हं' वाढलं. पाचव्यांदा सहा झाले आणि तिने सहा लिहिले, तेव्हा मामा हळूच पुढे वाकले.

"बाळ, बारा लिही की. सगळे बाराच लिहितात."

"तुम्ही सहा सांगितलेत, मामा."

"मुद्दाम गं. गंमत केली तुझी."

मुंगीने पेन खाली ठेवलं. "मग आता गंमत नको. पंधराच्या पंधरा सांगा. सगळ्या कॉलेजला माहीत आहे, तुम्हाला पाठ आहेत."

मामांनी तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "वेळ चाललाय. ठोकळे काढ बघू. नियम म्हणजे नियम."

ठोकळे झाले, चित्रं झाली. वीस मिनिटं झाली. मुंगीने घसा साफ केला.

"मामा, मघाचे शब्द सांगा."

मामा तिच्याकडे बघून छान हसले, पाहुण्याकडे बघून हसावं तसं.

"कुठले शब्द, बाळ?"

तिने जरा वेळ वाट बघितली. मग मान खाली घालून शून्य काढलं. ते शून्य जरा चेंगरलेलं आलं.

"काही नाही, मामा. घरी मामी असतात ना?"

"असते की. ये एकदा चहाला."

"येते," ती म्हणाली. "लवकरच येते."

दुपारी अडीच वाजता सरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर नऊ कागद आणि ते कार्ड.

"हे आठ बघ," सर मुंगीला म्हणाले. "कार्डाशी तंतोतंत. एकाचाही फरक नाही. आणि तू! पाच, पाच, सहा, पाच, सहा. आणि शेवटी शून्य? अगं शून्य कुणाचं येतं? शिवाय खाली लिहितेस, 'या व्यक्तीला लवकरात लवकर डॉक्टरांकडे नेणं गरजेचं आहे.' अगं, हे आपले मामा आहेत!"

"हो सर. म्हणूनच लिहिलं."

"आठ जण चुकले आणि तू एकटी बरोबर?"

मुंगीने आपल्या कागदावरची नजर काढली नाही.

सर मामांकडे वळले. "मामा, तुम्हीच सांगा. हिच्यासमोर पाचव्या वेळी किती सांगितलेत?"

मामांच्या डोळ्यांसमोर एकदम सगळं आलं. किल्ल्यांचा जुडगा, लॅब, खुर्ची, 'हे आमचं माप'. खरं सांगितलं तर हे सगळं आजच संपलं. नोकरीचं एक वेळ सोडा, पण ती गोष्ट खरी आहे असं स्वतःच्या तोंडाने म्हणायचं म्हणजे...

"बारा," मामा म्हणाले.

"आणि शेवटी?"

"अकरा. नेहमीसारखे."

मुंगीने त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मामांना बरं वाटलं असतं. नव्हता.

"माझं ऐकण्यात चुकलं असेल, सर," ती म्हणाली.

सरांनी लाल पेनाने कागदाच्या कोपऱ्यात 'नापास' लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. मोठ्या आवाजात नाही, शांतपणे. जगातली बरीच वाईट कामं अशीच शांतपणे होतात.

बाहेर व्हरांड्यात मुंगी चपलेचा पट्टा लावत होती. मामा तिच्यापाशी जाऊन उभे राहिले.

"पोरी, मी..."

"राहू द्या, मामा." तिने वर बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "माझं वर्ष गेलं तर जाऊ दे. मी पुढच्या वर्षी परत येऊन बसेन. तुम्ही मात्र पुढच्या वर्षापर्यंत थांबू नका. आजच मामींना सांगा."

एवढं बोलून ती पायऱ्या उतरून फाटकापाशी गेली आणि तिथल्या कठड्यावर बसली. घरी जाऊन काय सांगायचं, हे ठरवत असावी.

मामा व्हरांड्यात एकटे. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. आत्ता आपण काय केलं ते आपल्याला माहीत आहे. पोरीचं वर्ष आपल्या एका शब्दाने गेलं, हे माहीत आहे. पण अजून वीस मिनिटांनी? अजून वीस मिनिटांनी कदाचित आपण इथेच उभे असू, छान हसत, आणि मनावर कसलंही ओझं नसेल. पाप करून विसरून जाणारा माणूस! म्हणजे जे करायचं ते आत्ताच. डोक्यात आहे तोवर.

ते वळले. केबिन पंचवीस पावलांवर होती. मामा एकेक पाऊल टाकत पुटपुटत निघाले, "मुंगीचं वर्ष. मुंगीचं वर्ष. मुंगीचं वर्ष." हातात भरलेलं भांडं घेऊन चालावं तसे, सांडू नये म्हणून.

"सर, माझी परीक्षा घ्या."

सर बॅग भरत होते. "काय?"

"दाराची परीक्षा. माझी. तुम्ही स्वतः घ्या. आत्ता."

"अहो मामा, काय हे! मला तीनला मीटिंग आहे."

"सत्तावीस वर्षांत तुमच्याकडे काही मागितलं का मी?"

सरांनी घड्याळ बघितलं, हसले, बसले. कपाटातून यादी काढली. "घ्या. मुंगीने डोक्यात भरवलंय तुमच्या. एकदाच हं!"

"पाच वेळा," मामा म्हणाले. "आणि मग वीस मिनिटं."

सरांनी यादी वाचली, बातम्या वाचाव्या तशी. आता एक सांगतो, ते नीट ऐका. मामा तिथे हरायला बसले नव्हते. जिवाच्या आकांताने आठवत होते. पोरीचं वर्ष वाचवायचं होतं, ते खरं. पण आतून एक जण ओरडत होता, सांग पंधराच्या पंधरा, उलटे सांग, थोरल्या मॅडम हसल्या होत्या तसे सांग, म्हणजे पोरगी चुकली आणि तू धडधाकट. दोन्ही एकदम हवं होतं त्यांना. कान खाजवला नाही. 'जिभेवर आहे' म्हटलं नाही. कपाळाची शीर तट्ट फुगली.

पाच.

दुसऱ्यांदा पाच. सर म्हणाले, "मामा, नाटक पुरे हं." तिसऱ्या वेळी सरांचा आवाज खाली आला. चौथ्या वेळी ते एकेक शब्द म्हणून थांबायला लागले, मुंगी थांबायची तसे, आणि प्रत्येक शब्दानंतर मामांच्या तोंडाकडे बघायला लागले. पंधरा वर्षं रोज 'मामा, चहा' म्हणणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा मामांचं तोंड बघत होता. पाचव्या वेळी चार आले. एक कंदील.

"पुरे," सर म्हणाले. त्यांनी यादी पालथी ठेवली. "पुरे, मामा. कळलं मला."

"वीस मिनिटं व्हायचीत अजून. नियम आहे."

मग ते दोघे बसून राहिले. तीनची मीटिंग गेली. सरांनी चहा मागवला, तो निवला. मन शिकवणारा माणूस, पण समोरच्या मनाशी बोलायला एक वाक्य सापडेना. भिंतीवरचा काटा सरकत होता आणि मामांचे ओठ बारीक हलत होते, एवढंच.

"मामा," सर शेवटी म्हणाले, "मघाचे शब्द सांगा."

मामांनी सरांकडे बघितलं. चमचा गेला होता, घोडा गेला होता, नदी, टोपी, विहीर, सगळं गेलं होतं. आपण इथे कशाला बसलोय तेही गेलं होतं. पण ओठांवर काहीतरी होतं, घट्ट धरलेलं, आणि त्यांनी ते दिलं.

"मुंगीचं वर्ष."

सरांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. मग लाल रेघ मारून 'नापास' खोडलं, बाजूला 'उत्तीर्ण' लिहिलं आणि सही केली. सही झाल्यावर त्यांची नजर उरलेल्या आठ कागदांवर गेली. बारा, बारा, बारा, बारा... आठांनी तीन दिवसांत याच माणसासमोर बसून लिहिलेले. सरांनी गठ्ठा उचलला, अंगठ्याने कडा फिरवली. आठ जणांचे आईबाप, आठ जणांच्या नोकऱ्या, आणि उद्या विचारलं तर सांगावं लागणारी आरशामागची पंधरा वर्षांची रिकामी खुर्ची. त्यांनी गठ्ठा सरळ केला आणि पाकिटात घातला. नऊच्या नऊ पास.

मामांनी कमरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला. कोणी मागितला नव्हता. "कपाटाची यातली कुठली ते आता दुसऱ्याला विचारा," म्हणाले, आणि दार हळू लावून घेऊन बाहेर पडले.

फाटकापाशी मुंगी बसलेलीच होती. मागोमाग सर येऊन तिला कागद देऊन गेले, मान खाली घालून. तिने तो घडी करून पिशवीत ठेवला आणि मामांना म्हणाली, "चला, मी त्याच बाजूला जातेय." ती राहायची बरोबर उलट्या बाजूला. चौकात मामा थांबले आणि डावीकडे-उजवीकडे बघायला लागले, तेव्हा ती काही न बोलता उजवीकडे वळली, आणि मामा सहज वळल्यासारखे तिच्याबरोबर वळले. दारात बायको उभी होती. मुंगीने तिचा हात धरला आणि त्या दोघी आत जाऊन बसल्या. तेवढ्यावरूनच मामीला कळलं. बायकांना कार्ड लागत नाही.

याला आता चार वर्षं झाली. मुंगी तिच्या शाळेत आहे, महिन्याला येऊन जाते. त्या खुर्चीवर आता दुसरा शिपाई बसतो. सरांनी पहिली दोन वर्षं आरशामागे जाऊन बसायचं धरलं होतं, मग कामं वाढली. नव्या शिपायालाही सहा, आठ, दहा शिकवलंय म्हणतात. आणि ते आठ जण, सुसाट धरून, कुठे कुठे लागलेत. कोणी दवाखान्यात, कोणी कचेरीत, कोणी तुरुंगात कैद्यांची मनं तपासायला. रोज कोणी ना कोणी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसतं, आणि ते कागदावर काहीतरी लिहितात. काय लिहीत असतील, याचा मी रात्री फार विचार करत नाही. झोप लागत नाही मग.

मामा असतात. सकाळी नऊच्या सुमाराला मामी त्यांना बागेतल्या बाकावर बसवते, शर्टाला इस्त्री असते. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसतात.

तर आता माझं एक मागणं आहे तुमच्याकडे, फार मोठं नाही. तुम्ही त्या बाजूने गेलात आणि ते दिसले, तर 'काय मामा, ओळखलं का मला?' असं विचारू नका. सगळे तेच विचारतात हो, प्रेमानेच विचारतात, आणि त्यांचा चेहरा कसा होतो ते बघायच्या आत निघूनही जातात. तुम्ही शेजारी बसा. आपलं नाव आपणच सांगा. आणि मग ऊन, वारा, काय वाटेल ते, तुमचं तुम्हीच बोलायला लागा.